राखीव खेळाडूचे मनोराज्य

अमेरिकेतील एका चिमुकल्या गावातल्या शाळेच्या फुटबॉल संघाभोवती गुंफलेली ‘ईव्हनिंग शेड’ ही विनोदी मालिका (१९९० ते १९९४) भाच्याच्या कृपेने कर्वेनगरातील आमच्या पहिल्या मजल्यावर अवतीर्ण झाली, आणि बर्ट रेनॉल्ड्सने रंगविलेला तो निवृत्त खेळाडू स्वग्रामी परतून सदैव हरणाऱ्या पोरांना शिकवू लागताच ही माझीच चरित्रकथा असल्याबद्दल माझी खात्री पटली. वस्तुतः कोल्हापुरातील शालेय कारकिर्दीत मी राखीव खेळाडू होतो. लिंबे कापणे व पोत्यातून चेंडू वाहणे एवढाच माझा अखत्यार. शिवाय त्या अमेरिकनांचा फुटबॉल लंबगोल असून बव्हंशी हाताने खेळला जातो. त्यास फुटबॉल म्हणण्याचे धाडस कोल्हापूरकराला तरी झाले नसते.

कारण कोल्हापुरात फुटबॉल तालमीचा असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींची नावे ऐकून लंगोट कसलेले मल्ल पाहण्याच्या अपेक्षेने शाहू स्टेडियमवर आलेला परगावचा पाहुणा चड्डीतील सडपातळ पोरे पाहून बुचकळ्यात पडतो. परंतु ज्या आखाड्यांनी कुस्ती जोपासली त्यांनीच साहेबाचा हा खेळ दत्तक घेऊन पोटच्या पोराहून लाडावून ठेवला. आमच्या सोयरिकीतही पत्रिकेआधी तालमीची चौकशी झाली, आणि मुलीकडची तालीम प्रतिपक्षाची निघाल्याने बोलणी घटकाभर तहकूब राहिली.

असो. ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’वर हसलेल्या महाराष्ट्राला शाळकरी फुटबॉलची मालिका द्यावी, व प्रशिक्षकाची भूमिका, निरुपायाने, स्वतःच करावी, असा संकल्प मी जाहीर केला. ‘ईव्हनिंग शेड’मधील प्रशिक्षकाची पत्नी सरकारी वकील आहे. माझी त्या पेशातली नसूनही उलटतपासणीत तिच्याहून सरस.

“पोरं खेळणार कुठं? खाली तर तुमच्या सहीची पाटी आहे.”

गृहसंस्थेचा चिटणीस या नात्याने ‘चेंडू खेळण्यास सक्त मनाई’ या हुकमाखाली मी डौलाने सही ठोकली होती. मोटारीच्या एका आरशाची फिर्याद मला निकडीची वाटली. पोरे सायंकाळी जातील कोठे, हा प्रश्न इतिवृत्तात आलाच नाही. मला मात्र माझ्या शाळेने, मी एकही गोल केला नसताना, चार वर्षे मैदानाच्या कडेला बसू दिले होते.

परवा मनाई मोडून उडालेला चेंडू आमच्या सज्जात पडला. जप्ती हे माझे कर्तव्य होते. मी आजूबाजूस पाहिले, लेंगा सावरला आणि लाथ हाणली. चेंडू कठड्यावर आपटून माझ्याच पायाशी परतला. चप्पल तेवढी खाली एका स्कूटरवर विसावली.

“आजोबा,” खालून आवाज आला, “हातानंच टाका!”