बुरशी तयार, गिऱ्हाईक फरार

दर एक-दोन वर्षांनी ही बातमी येतेच. 'आता बुरशी करणार नदी स्वच्छ!' सोबत फोटो. एका हातात निळ्या पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात नितळ पाण्याची, मधे हसरे प्राध्यापक. फोटोत नदी नसते.

तिला बोलावलेलंच नसतं.

बातमी खोटी असते का? मुळीच नाही, हीच तर पंचाईत आहे. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरश्यांना लाकडातलं लिग्निन फोडता येतं. लिग्निन हा निसर्गातला भलता चिवट ऐवज. तो फोडायला बुरशी जी विकरं बाहेर सोडते, ती फारशी चोखंदळ नसतात. लिग्निनसारखी कार्बनची कडी दिसली की तुटून पडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. कापडाचे रंगही असल्याच कड्यांचे बनलेले. त्यामुळे लाल, निळा, काळा असा पंक्तिप्रपंच बुरशी करत नाही. तो आपण करतो.

हे कळलं कधी? फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम असं जिभेची परीक्षा घेणारं नाव असलेल्या बुरशीनं रंग फिके करून दाखवले ते १९८३ मध्ये. या कामातलं एक मुख्य विकर, लॅकेस, त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८८३ मध्ये, जपानी लॅकर वृक्षाच्या चिकात सापडलं होतं. तरी बातमीत शब्द कायम 'नवं संशोधन'.

आणि लांब कशाला जायचं? कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागानं जिवाणू, बुरशी, वनस्पती अशा सगळ्यांना कापडाच्या रंगांवर सोडून पाहिलं. त्यावर ढीगभर शोधनिबंध लिहिले. ते जगभर वाचले गेले. तिथून कापडाचं शहर इचलकरंजी तासाभरावर.

निबंध परदेशात पोचले. इचलकरंजीची एसटी बहुतेक चुकली.

इचलकरंजीत सुताला खळ देणारं सायझिंग आहे, यंत्रमाग आहेत आणि कापड रंगवणारे प्रोसेस आहेत. रंगवताना सगळा रंग सुताला धरत नाही. रिॲक्टिव्ह रंगांचा तर १० पासून पार ५० टक्क्यांपर्यंत भाग धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. म्हणजे रोख मोजून आणलेला माल गटारात. एरवी पावलीसाठी हुज्जत घालणाऱ्या व्यापाऱ्याला हे कसं परवडतं? परवडतं, कारण पुढची उधारी पंचगंगा नदीच्या खात्यावर लिहिलेली असते. आणि पंचगंगा वसुलीला येत नाही.

उद्योगाला बुरशीची माहिती नाही, असं मात्र म्हणू नका. तुमच्या जीन्सलाच विचारा.

नवी कोरी पँट जुनीपानी दिसावी म्हणून पूर्वी ती दगडांबरोबर घुसळत. मग दगडांच्या जागी सेल्युलेज हे विकर आलं. १९९० च्या दशकात मदतीला लॅकेस आलं. कारखान्यांत ही दोन्ही विकरं बुरशीकडूनच करवून घेतात. लॅकेसचं काम काय? नीळ फिकी करणं. प्रयोगशाळा नको, अनुदान नको, परिसंवाद नको. सरळ बाजारात.

पँटवरची नीळ घालवली की पँट महाग विकली जाते. पाण्यातली नीळ घालवली तर पाण्याला कोण दोन पैसे जास्त देणार? उल्हासनगरच्या जीन्सधुलाईनं वालधुनी नदीला जे रंग दाखवले, त्यांचं बिल कुणाच्या नावे फाडायचं?

एवढं झाल्यावर प्राध्यापकांनाही सोडायला नको.

शंकुपात्रात १०० मिलिलिटर पाणी, तेही निर्जंतुक केलेलं. त्यात मोजूनमापून एकच रंग. बुरशीला चाखायला ग्लुकोज, आम्लता तिला मानवेल अशी, तपमान सुखाचं. इतका पाहुणचार झाल्यावर ९० टक्के रंग गेला नाही तरच नवल! प्रोसेसमधून येणारं पाणी असं नसतं. ते गरम, सोड्यानं तिखट आणि मिठानं खारट असतं. त्यात सकाळी मरून, दुपारी काळा आणि रात्री काय ते विचारू नका. बुरशीला आंबटसर पाणी लागतं, इथं उलटा कारभार. शिवाय उघड्या टाकीत जिवाणू आधी येऊन जागा अडवतात आणि बुरशी उपाशी बसते. तिचं काम तासांत नाही तर दिवसांत मोजायचं, आणि सांडपाणी रोज दशलक्ष लिटरांत येणार.

आणखी एक गोम. काही वेळा बुरशी रंग फोडतच नाही, नुसता अंगाला लावून घेते. पाणी नितळ, बुरशी निळी. मग ती निळी बुरशी टाकायची कुठं? या प्रश्नावर शोधनिबंध संपतो.

मीठ तर बुरशी शिवतसुद्धा नाही. मिठाचं काय होतं ते तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला विचारा. तिथल्या नोय्यल नदीवर ओरतुपालयमला शेतीसाठी धरण बांधलं, १९९२ मध्ये. रंगशाळांनी ते असं भरून दिलं की शेतकरीच हात जोडून म्हणाले, हे पाणी नको. अखेर २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयानं रंगशाळांना टाळं ठोकायला सांगितलं. शेकडो रंगशाळा बंद झाल्या. मग एकाएकी पाणी गाळून, आटवून पुन्हा वापरण्याचं तंत्र सगळ्यांना परवडायला लागलं.

तंत्रज्ञान महाग असतं. टाळं लागेपर्यंत.

पण रंग गेला म्हणजे विष गेलं, हे तरी कुणी सांगितलं? ॲझो रंग हवेविना जिवाणूंनी तोडले की पाणी स्वच्छ दिसतं आणि त्यात ॲरोमॅटिक अमाइन उरतात. त्यातली काही कर्करोगाला आमंत्रण देणारी. बुरशीची पद्धत वेगळी, ती बहुधा हा रस्ता टाळते, हे तिचं खरं मोल. पण ते मोल फोटोत दिसत नाही. फोटोत नितळ बाटली दिसते.

सरकारी मापाची तऱ्हा तर औरच. २०१६ च्या अधिसूचनेनं कापड उद्योगाच्या सांडपाण्याच्या रंगाला १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एककांची मर्यादा घातली. हे माप कशाचं? पिवळसर झाकेचं. नदीतळ्याच्या पाण्याचा पिवळेपणा मोजायला एकोणिसाव्या शतकात काढलेलं. आपण त्यावर जांभळं पाणी तोलतो आणि काटा बरोबर आहे का म्हणून भांडत बसतो.

माशांचीही परीक्षा आहे बरं का. सांडपाण्यात सोडलेले ९० टक्के मासे ९६ तासांनंतर जिवंत हवेत, असा नियम आहे. कागदावरचे मासे इमानदारीनं ९६ तास काढतात. शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्यावर तरंगणाऱ्या माशांनी बहुतेक नियम वाचलेला नसतो.

मग व्हायचं काय? मासे मेले की पंचनामा. पंचनाम्यानंतर नमुने. नमुन्यांनंतर नोटीस. नोटिशीनंतर पाऊस. पावसानं नदी वाहती झाली की सगळे निर्दोष.

दिसल्याशिवाय आपल्याकडे काही हलत नाही, हेही खरं. २०१७ मध्ये तळोज्यात भटकी कुत्री निळी झाली, तेव्हा त्यांचे फोटो जगभर गेले आणि कारवाईही झाली. त्याआधी तिथल्या कासाडी नदीचं काय चाललं होतं? असो. नदीला भुंकता येत नाही.

बरं, स्वस्तातलं काही नाहीच का? आहे ना. धिंगरी अळिंबी काढून झाल्यावर जे भाताचं-गव्हाचं काड उरतं, त्यात लॅकेस शिल्लक असतं. उकिरड्यावर जाणारा माल. त्यावर आधी रंग उतरवून घ्यावा, मग उरलेलं पाणी मोठ्या शुद्धीकरण यंत्रणेकडं द्यावं, म्हणजे चुना-तुरटीचा खर्च आणि गाळाचे डोंगर दोन्ही घटतील का, हे खऱ्या सांडपाण्यावर, उघड्या टाकीत, वर्षभर करून पाहायला हवं. कोल्हापूर जिल्ह्यात काडाला तोटा नाही, उसाच्या पाचटाला नाही, प्राध्यापकांना नाही आणि घाण पाण्याला तर नाहीच नाही.

तोटा आहे तो टेंडरचा. काडाचं टेंडर काढून कुणाचं भलं होणार? कोटीची यंत्रं बसवली की उद्घाटन होतं, कोनशिला बसते, वीजबिल परवडत नाही म्हणून ती रात्री बंद ठेवता येतात. बुरशीला रात्री बंद कशी ठेवणार?

तोवर शहराला प्यायला पाणी तर हवं! पंचगंगा प्यायच्या लायकीची राहिली नाही म्हणून इचलकरंजी कृष्णेवर गेली. तेही पुरेना, तेव्हा वारणा मागितली. वारणाकाठचे दानोळीकर आडवे पडले. मग सुळकूडमधून दूधगंगा मागितली. कागलकर उभे राहिले. 'तुमची नदी तुम्ही घालवली, आमची कशाला?' या प्रश्नाला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही.

नकाशावर अजून वेदगंगा शिल्लक आहे.