गोल्डन अण्णा

घरातली कुठलीही धातूची वस्तू मूळच्या रंगात दिसली की अण्णांना करमत नाही. एसटीतून रिटायर होताना मिळालेली शाल त्यांनी कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कपाटच रंगवलं. तेव्हापासून खिडक्यांचे गज, कडी-कोयंडे, शिलाई मशीनचं पायडल, सगळ्याचं सोनं झालंय.

माणूस अडाणी नाही बरं का. शास्त्र तोंडपाठ. "आधी पॉलिश पेपरनं गंज काढायचा, मग रेडॉक्साइड, ते वाळलं की ऑइलपेंटचे दोन पातळ हात. जाड हात दिला की ओघळ आलाच!" जस्ताच्या पत्र्यावर थेट ऑइलपेंट मारलं तर तेलाचा साबण होऊन पापुद्रे निघतात, हे मला त्यांनीच शिकवलं. पण डबा उघडला की हात शिवशिवतात आणि पॉलिश पेपर खिशातच राहतो.

न्हाणीतल्या क्रोमच्या नळाला त्यांनी असाच 'अँटिक कॉपर' चढवला. गुळगुळीत क्रोम रंगाला कशाला धरून ठेवतोय! काकू बादली घेऊनच बाहेर आल्या.

"अहो, नळाला पाणी कमी अन् तांबं जास्त यायलंय."

"तांब्याचं पाणी तब्येतीला चांगलं असतंय," अण्णा म्हणाले.

देवघराच्या बिजागऱ्या रंगात चिकटल्यापासून दार अर्धंच उघडतं. निम्म्या देवांना हात जोडायचे, बाकीच्यांना अंदाजानं.

पाहुण्यांना घेऊन दौलताबादला गेलो, तर मेंढा तोफेपाशी अण्णा हळहळले. "एवढी पंचधातूची तोफ, अन् एक हात मारायला कुणी नाही!" अशा धातूवर चढलेला थर आतल्या धातूला जपतो, लोखंडाच्या गंजासारखा पोखरत नाही, हे मी सांगून पाहिलं. त्यांच्या मनात लिटरचा हिशेब चालू होता.

कळस झाला श्रावणात. शुक्रवारी संध्याकाळी गेट सोनेरी झालं. त्या दमट हवेत ऑइलपेंट काय रातोरात वाळणार? शनिवारी पहाटे संभाजीनगरहून भद्रा मारुतीला पायी आलेली पोरं दम खायला गेटला टेकली. सकाळी निद्रिस्त मारुतीच्या रांगेत सोनेरी पट्ट्यांच्या पाठी दुरूनच ओळखू येत होत्या. एका पोरानं परत येऊन शर्ट दाखवला. अण्णांनी चष्मा लावून तो उजेडात धरला.

"कापडावर बघ कसा एकसारखा बसलाय!"

आता दिवाळी जवळ आलीय. काकूंनी पितळेची समई गुपचूप वेरूळला बहिणीकडे पोचती केलीय.