बंड्याची टेकडी

सकाळी वेताळ टेकडीवर येणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात: घाई असलेले आणि कुत्रं असलेले. पुणे शहरातली ही सर्वांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. त्यामुळे माथ्यावरच्या वेताळाला नमस्कार ठोकल्याशिवाय पहिल्या वर्गाचा व्यायाम पदरात पडत नाही. दुसऱ्या वर्गाचा नमस्कार बहुधा लांबूनच होतो. वाटेत उंदीरमारीचं खोड लागतं. ते हुंगून होतंय तोवर दगड लागतो. आणि दगड झाला की मघाच्या खोडाबद्दल काही शंका उरलेल्या असतात.

आमचा बंड्या गावठी. रंग विटकरी, एक कान उभा, दुसऱ्याचा अजून विचार चाललेला. हुंगताना त्याचं नाक वाकून बघण्यासारखं असतं. श्वास आत जातो समोरून आणि बाहेर पडतो कडेच्या फटींतून, म्हणजे हुंगायचा वास आपल्याच फुंकरीने उडायला नको. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात २० ते ३० कोटी. एवढी इस्टेट असलेल्याला ‘चल रे लवकर’ म्हणणारे आपण कोण? मग मीही थांबतो. करण्यासारखं काही नसल्यामुळे इकडेतिकडे बघतो. टेकडी मला जी काही कळली आहे, ती या सक्तीच्या मुक्कामांत.

कुसळी गवताचंच घ्या. पाऊस संपला की ते वाळून पिवळं होतं. कुसळाच्या एका टोकाला अणकुचीदार दाणा, मागे लांब शेपूट. ओल लागली की शेपटाचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्यात दाणा गिरमिटासारखा जमिनीत शिरतो. जमीन मिळाली नाही तर मोजा चालतो. बंड्याच्या बोटांची बेचकी तर फारच आवडते. घरी आल्यावर पंजा उलटा धरून मी चिमट्याने एकेक कुसळ काढतो, जमलं तर गोचीडही. तेवढा वेळ बंड्या भिंतीकडे तोंड करून बसतो. तो पाय कोणाचा, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

पट्टा सोडावा की धरावा, हा टेकडीवरचा न मिटणारा वाद. ‘आमचा काही करत नाही हो!’ हे वाक्य नेहमी सुटलेल्या कुत्र्याच्या मागून, धापा टाकत येतं. मी धरणाऱ्यांच्या पक्षात आहे, आणि तिथे मला टिटवीने आणलं. उन्हाळ्यात ती उघड्या मुरमावरच अंडी घालते, मुरमाच्याच रंगाची. बंड्याने त्या बाजूला नुसती मान वळवली तरी ती डोक्यावर येऊन असा कालवा करते की आपण तिथून निमूट काढता पाय घ्यावा. मोर आणि तितर ओरडून भांडत नाहीत, नुसते झुडपात दिसेनासे होतात. त्यांच्या वतीनेही पट्टा धरलेला बरा.

पुण्यात माणसाला आधी आडनाव विचारतात. टेकडीवर मात्र कुत्र्याचं नाव विचारतात आणि तेवढ्यावर भागतं. तिथे मी ‘बंड्याचे बाबा’. सिंबाच्या आईचा सिंबा काय खातो, कशाला भितो, त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे मला पाठ आहे. त्यांचं स्वतःचं नाव विचारायची वेळच आली नाही. परवा त्या बँकेत, रांगेत माझ्या पुढे दिसल्या. साडी, पर्स, हातात पासबुक. कुत्र्याशिवाय आधी ओळखूच येईनात. ओळख पटल्याबरोबर मी तोंडभर हसून विचारलं, ‘काय म्हणतंय पोट?’

‘कालपासून घट्ट होतेय,’ त्या आनंदाने म्हणाल्या, ‘आणि चादरीवर नाही, बाहेरच!’

रांगेने आपण होऊन आम्हाला दोन पावलं मोकळी जागा दिली.