वेगाचं बक्षीस

२०१८ सालच्या 'फोर्झा होरायझन ४' या गाड्यांच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेममधलं ब्रिटन म्हणजे आदर्श राष्ट्र. रस्त्याकडेचा स्पीड कॅमेरा तिथे दंडाची पावती फाडत नाही. जितका बेफाम वेग तितके तारे, जास्तीत जास्त ३. समोरच्या गाडीला घासता घासता वाचलात, गुण. कुणाचं कुंपण तुडवलंत, तरी गुण! शेतकरी कुठेच दिसत नाही. बहुधा नुकसानभरपाईच्या रांगेत असावा. मेंढ्या मात्र हुशार, चाकाखाली येतच नाहीत. मुख्य शर्यत? ती राहिलीच. आधी फलक फोडायचे, मग कोठारात धूळ खात पडलेली जुनी गाडी हुडकायची. पुढे दीड कोटी क्रेडिट साठले, की एडिनबरोचा किल्लाच विकत घ्यायचा. ना गृहकर्ज, ना सातबारा, ना सोसायटीच्या सेक्रेटरीची हरकत.