ड्युरियन कसे खावे : जवाहर चौकातील मराठी प्रवाशांसाठी सूचना

प्रस्तावना

1956 साली मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला आली. राजधानीमागून फाइली आल्या, फाइलींमागून नागपूरचे मराठी कारकून आले आणि तात्या टोप्यांच्या नावाने वसलेल्या टीटीनगरात सरकारी क्वार्टरांतून स्थिरावले. लेखी सूचनेशिवाय पाऊल उचलायचे नाही, ही या मंडळींची रीत. त्यांची नातवंडे हल्ली सिंगापूर, बँकॉक, क्वालालंपूरला जातात, ड्युरियन या उग्र वासाच्या काटेरी फळाच्या ढिगापुढे नाक दाबून सेल्फी काढतात आणि न खाताच परततात. हा प्रकार थांबावा म्हणून पुढील सूचना काढण्यात येत आहेत. मूलतत्त्व एकच ध्यानात ठेवावे : फळ सिंगापुरात खाल्ले, तरी निकाल टीटीनगरच्या जवाहर चौकात लागतो.

कलम 1 : पूर्वतयारी

भोपाळच्या मंडईत कटहल, म्हणजे फणस, सोलून, चिरून मिळतो. त्यामुळे काटेरी फळांशी आपला घरोबा आहे, असे भोपाळकराला वाटते. हा समज घरीच ठेवून निघावे. फणस हा वड, पिंपळ, उंबर यांच्या कुळातला. ड्युरियन मात्र भेंडी, जास्वंद आणि कापूस यांच्या कुळातला, म्हणजे वऱ्हाडातून आलेल्या घराण्यांच्या सोयरिकीतला. त्याचा जवळपासचा नातलग पाहायचा तर मांडूला जावे. तिथे ‘मांडू की इमली’ म्हणून विकतात ती गोरखचिंच, म्हणजेच मूळची आफ्रिकेची बाओबाब, याच कुळातली. तिचा आंबट, कोरडा, पांढरा गर चघळताना तोंड वाकडे न करता ‘वा’ म्हणता आले, की पासपोर्टसाठी अर्ज करावा.

कलम 2 : स्थळ

ड्युरियन बंद खोलीत खाऊ नये. या नियमामागे थोर अनुभव आहे. डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणाऱ्या आल्फ्रेड रसेल वॉलेसला मलाक्कात घरात आणलेले ड्युरियन वासापायी सोसवले नाही. पुढे बोर्निओत झाडाखाली पडलेले पिकले फळ त्याने उघड्यावर खाल्ले आणि तो जन्माचा भक्त झाला. 1869 च्या प्रवासग्रंथात त्याने या एका फळात बदामापासून कांद्यापर्यंत सगळ्या चवी सापडल्याची नोंद केली आहे.

सिंगापूरच्या मेट्रोत ड्युरियन नेण्यास मनाई आहे. अनेक हॉटेलांच्या दारावरही फळावर लाल फुली मारलेले चित्र असते. ‘पिशवीत आहे, कोणाला कळतंय?’ हा विचार भोपाळच्या मिनीबसमध्ये चालत असेल. इथे पिशवी स्वतःच कबुलीजबाब देते.

कलम 3 : कृती

(अ) फळ निवडण्याचे काम विक्रेत्यावर सोडावे. तो फळ कानाशी धरून हलवेल, देठाशी हुंगेल, मान हलवून दुसरे उचलेल. ‘भैया, मीठा निकलेगा ना?’ हा प्रश्न भोपाळच्या न्यू मार्केटसाठी राखून ठेवावा.

(आ) वजन सालीसकट होते. काट्यांचे पैसेही आपणच देतो, हे बरोबरच्या ज्येष्ठांना वजनकाट्यापाशी पोचण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

(इ) विक्रेता जाड हातमोजा घालून फळ उलटे धरतो. बुडाशी काट्यांच्या रांगांमधून चांदणीसारख्या पुसट शिवणी गेलेल्या असतात. त्यांतल्या एकीत तो सुरीचे टोक खुपसून पिळतो. करकर आवाज होऊन साल फाकते आणि पांढऱ्या कप्प्यात पिवळे गुबगुबीत गरे दिसतात. त्यांची वरची त्वचा किंचित सुरकुतलेली असते, बोट लागले की खळगा पडतो आणि गर प्लास्टिकच्या मोज्याला चिकटून येतो. आत मोठी बी असते, तेव्हा उत्साहाच्या भरात दात बसवू नयेत.

(ई) पहिल्या घासाला चेहऱ्यावर ताबा ठेवावा, कारण समोर कोणाचा तरी मोबाइल चालू असतो. मत दुसऱ्या घासानंतरच बनवावे. पहिला घास नाकाचा असतो, जिभेची पाळी नंतर येते.

(उ) खाऊन झाल्यावर रिकाम्या सालीच्या खोलगट भागात पाणी ओतून त्याने हात धुवावेत. वास जातो, असे तिथले लोक सांगतात. पुरावा मागू नये.

कलम 4 : वासाबाबत खुलासा

2017 साली सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी ड्युरियनचा जनुकसंच उलगडला. त्यात सुमारे 46,000 जनुके निघाली, माणसाच्या जवळजवळ दुप्पट. गंधकाची संयुगे तयार करण्याशी संबंधित एका जनुकाच्या तर त्यात जादा प्रती आढळल्या. माणूस निम्म्या जनुकांत सरकारी नोकरी करून पेन्शनही घेतो. ड्युरियनने एवढ्या मोठ्या आस्थापनेचा उपयोग वासासाठी केला, यावरून विभागवार कामाची वाटणी किती महत्त्वाची ते कळते.

कलम 5 : उतारा

ड्युरियन उष्ण आणि मँगोस्टीन थंड, म्हणून एकावर दुसरे खावे, अशी तिकडची समजूत आहे. मँगोस्टीन हे आपल्या कोकमाच्या सख्ख्या जातकुळीतले फळ. त्याच्या बुडाशी लहानसे फूल कोरल्यागत असते. त्याला जितक्या पाकळ्या, तितक्याच आत पांढऱ्या पाकळ्या निघतात. मुलांशी पैज लावण्यास हे उपयुक्त आहे. पण जांभळ्या सालीचा डाग धुऊन निघत नाही, तेव्हा पैज पांढऱ्या शर्टात लावू नये.

कलम 6 : अहवाल सादर करणे

खरी परीक्षा इथे आहे. चौकात पहिला प्रश्न येतो : ‘कसं लागलं?’ ‘फणसासारखं’ हे उत्तर कलम 1 अन्वये बाद आहे. ‘वेगळंच होतं’ म्हटले की तुम्ही खाल्लेच नाही, असे धरले जाते. आधी वास, मग भाव आणि शेवटी चव, हा क्रम पाळावा. चवीपर्यंत श्रोते सहसा थांबत नाहीत.

दुसरा प्रश्न आधी जाऊन आलेल्या काकांचा असतो : ‘कोणता खाल्लास?’ थायलंडला गेला असाल तर ‘मोन्थोंग’ म्हणावे. त्यावर काका म्हणतील, ‘मग असली नाहीच खाल्लास. थायलंडवाले झाडावरून तोडतात, मलेशियात आपोआप पडायची वाट बघतात. मुसांग किंग खायला पाहिजे होता!’ काकांची माहिती बरोबर आहे. तरी माघार घेऊ नये. थाई माणसाला घट्ट गर आवडतो आणि मलेशियातल्याला मऊ, कडवट. हा तंटा त्या दोन देशांतही मिटलेला नाही, मग तो चौकात मिटण्याची घाई कशाला?

तिसरा प्रश्न काकूंचा : ‘किलोला किती पडलं?’ डॉलरमध्येच उत्तर द्यावे. रुपयांत सांगितल्यास त्या रकमेत नागपुरी संत्र्यांच्या किती पेट्या आल्या असत्या, याचा हिशोब जागच्या जागी होतो.

कलम 7 : उपवासाला चालते का?

हा प्रश्न आईकडून येतो आणि तो टाळता येत नाही. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा, हे चौघेही अमेरिका खंडातून जहाजाने आले आणि थेट एकादशीच्या ताटात जाऊन बसले. वांगे इथलेच, पण चातुर्मासात त्यालाच दाराबाहेर उभे केले जाते. तेव्हा परदेशी असणे ही अडचण नाही. अडचण गंधकाची आहे. कांद्या-लसणाचा वास ज्या घराण्यातला, त्याच घराण्यातला ड्युरियनचा. सबब त्याला कांद्याचाच नियम लागू होतो आणि चातुर्मासात तो वर्ज्य ठरतो.

तथापि सवलत उपलब्ध आहे. मलेशियातला मोठा हंगाम जून ते ऑगस्ट असतो आणि आषाढ शुद्ध नवमी, म्हणजेच कांदेनवमी, नेमकी त्यातच येते. तिकिटे त्या तिथीची काढावीत. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीला बसायचे असल्यास वास उतरण्यासाठी मधली दशमी पंचांगात आधीच राखून ठेवलेली आहे.