सिद्धिविनायकाला म्हणून गेल्या...

अहो, ऐकलंत का? मासवणच्या निम्म्या बायका एकाएकी गणपतीच्या भक्त झाल्यात. मंगळवार आला की सिद्धिविनायक! सकाळी मनोरकडून येणारी एसटी पकडायची, पालघरला डहाणू लोकलमध्ये घुसायचं आणि दादरला उतरायचं. इथवर सगळं सोज्वळ.

पुढचं ऐका. पूर्वी कधीमधी जायच्या, तेव्हा दादरपासून देवळापर्यंत चालत जात होत्या ना? आता म्हणे गुडघे धरतात. म्हणून जिन्याने जमिनीखाली उतरतात. भुयारी मेट्रोने सिद्धिविनायक हे दादरच्या पुढचंच स्टेशन, दहा रुपयांत काम. पण तिथे उतरतंय कोण!

आमच्या मामींचंच घ्या. देवाला दहा मिनिटं आणि बोगद्याला अख्खी दुपार. आधी कफ परेड, तिथून उलट थेट आरे. तिकीट 70 रुपये! ह्याच मामी पालघरच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी भांडतात. साडेतेहतीस किलोमीटरचा रस्ता, 27 स्टेशनं, त्यातली 26 जमिनीखाली. म्हणजे मुंबई बघायला गेल्या आणि खिडकीतून बघितला काय, तर काळोख. तो आमच्याकडे पावसाची पहिली सर आली की फुकट मिळतो.

ऑक्टोबर 2024 मध्ये आरे ते बीकेसी गाडी सुरू झाली, तेव्हा गावात कुणाला पत्ता नव्हता. ऑक्टोबर 2025 मध्ये ती कफ परेडला पोचली आणि हे खूळ शिरलं. तिकडे लंडनच्या बायका 1863 साली इंजिनाचा धूर खात भुयारातून गेल्या, कोलकात्यात 1984 पासून लोक भुयारातून कामाला जातायत. कामाला हो! देवाच्या नावाखाली नव्हे.

आणि वागणं तर विचारूच नका. डहाणू लोकलमध्ये तिघींच्या बाकावर कोपराच्या जोरावर चौथी जागा काढणाऱ्या मामी तिथे काचेच्या दारापुढे रांगेत उभ्या! आधी उतरणाऱ्यांना वाटसुद्धा दिली म्हणे. कुणी ओळखीचं बघितलं असतं तर काय अब्रू राहिली असती?

पुरुषही काही कमी नाहीत. तारापूर एमआयडीसीत बावीस वर्षं घासलेले एक काका सुट्टीच्या दिवशी हौसेने मेट्रोत बसले, आणि उतरले कुठे? एमआयडीसी स्टेशनवर! वर येऊन चहा प्यायले आणि परत खाली गेले. काकू तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाहीत. काका एकटे गेले हा राग की एमआयडीसीलाच गेले हा, ते अजून कळलेलं नाही.

शेवटी मी मामींना तोंडावर विचारलं, काम नाही, धाम नाही, खालून कशाला हिंडता? तर म्हणाल्या, "आपल्या मासवणच्या पंपिंग स्टेशनवरून सूर्या नदीचं पाणी अंधाऱ्या पाइपातून वसई-विरारला जातं. त्याला कधी विचारलंस का गं, कुठे निघालंस म्हणून?"

आता बोला! अंगारकीला सतरा जणी निघाल्यात. त्यांतल्या एकीच्या तर सासरी-माहेरी कुठेच गणपती बसत नाही.