सर्व विषय मंजूर

गंगावेशीत रात्री दुधाच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, तिथल्या तिथं धार काढून फेसाळता पेला हातात मिळतो आणि तो पेला संपेपर्यंत आम्ही प्रोसेसरवर भांडतो. आम्ही म्हणजे उद्यमनगरात सीएनसी मशीन चालवणारा एक मित्र, एक औषधदुकानदार, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि मी, कॉमर्सचा मास्तर. यातल्या कुणाचंही पोट आठ कोअरवर अवलंबून नाही. औषधदुकानदाराचं बिलिंग ज्या संगणकावर चालतं, त्याचा पंखा ऐकून गिऱ्हाईक गिरणी शेजारीच आहे का विचारतं. पण इंटेल की रायझन, हा विषय निघाला की पाटाकडील आणि दिलबहारच्या समर्थकांत फुटबॉलच्या सामन्यानंतर जितका समजूतदारपणा उरतो, तितकाच आमच्यात उरतो.

प्रत्येकाचं दुखणं वेगळं. सीएनसीवाल्याला नॅनोमीटरचा राग. "हितं दहा मायक्रॉन चुकलं तर गिऱ्हाईक जॉब तोंडावर फेकतंय. आणि ही माणसं तीन नॅनोमीटर म्हणून छापत्यात. आत तीन नॅनोमीटरचं काय बी नसतंय, नुसतं नाव हाय ते!" हे खरंच आहे. तो आकडा आता चिपमधल्या कुठल्याच भागाचं माप राहिलेला नाही, पिढी ओळखण्यापुरता उरलाय. पण हे ऐकून घेतलं की त्याला अजून चेव चढतो, म्हणून आम्ही विरोध करतो.

काकांचं दुःख रॅमचं. मागचं झाकण उघडायचं, जुनी पट्टी काढायची, नवी खटकन बसवायची, या सुखावर त्यांनी एकच लॅपटॉप कितीतरी वर्षं रेटला. मग पातळपणाच्या नादात कंपन्या रॅम बोर्डावरच डकवायला लागल्या. ॲपलनं तर २०२० च्या नोव्हेंबरात एम-वन आणून मेमरी प्रोसेसरच्या मांडीवरच नेऊन बसवली. तेव्हापासून काका त्या कंपनीचं नाव घेत नाहीत, 'ती' म्हणतात.

औषधदुकानदार टॅबवाला. २०१० साली आयपॅड आला, तेव्हापासून तो लॅपटॉपच्या तेराव्याची तारीख काढून बसलाय. दरम्यान २०११ साली सरकारनं 'आकाश' टॅब काढला. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि स्पर्शाला नव्हे, दाबाला दाद देणारा पडदा. तरीही याची श्रद्धा हलली नाही.

आणि मी? मला बाजू नव्हती, ज्ञान होतं. कुणाचा भाचा इंजिनिअरिंगला लागला की त्याला माझ्याकडे पाठवत. मी त्याला निट्स, हर्ट्झ आणि थ्रॉटलिंग समजावून सांगे. भाचा घरी जाऊन दुकानदार देईल तो घेई.

शेवटी मी स्वतःसाठी टॅब घ्यायचं ठरवलं. या खरेदीवर कट्ट्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नात झाली नव्हती. बेंचमार्कचे आकडे मला तोंडपाठ होते. रंकाळ्यावर भर उन्हात वाचता यावं म्हणून मी ६०० निट्सचा हट्ट धरला, वास्तविक मी रंकाळ्यावर जातो ते दिवस मावळल्यावर. १४४ हर्ट्झचा पडदा घेतला, कारण सरकती अक्षरं गुळगुळीत दिसतात. माझी अक्षरं म्हणजे अकरावीचे ताळेबंद, ते सरकत नाहीत.

एवढं जाणकार माणूस गावात असल्यावर आमच्या पतसंस्थेच्या अध्यक्षांनी, म्हणजे आबांनी, बोलावणं धाडलं. सप्टेंबर उजाडला होता. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते, आणि विरोधी गटानं यंदा अट घातली होती की ताळेबंद मोठ्या पडद्यावर, ओळ न् ओळ दाखवायचा. थकीत कर्जाचं पान त्यांना विशेष हवं होतं. "सर, तुमच्यासारखा तज्ज्ञ संस्थेत दुसरा न्हाय," आबा म्हणाले. मी संस्थेच्या संगणकाला नाक मुरडलं आणि म्हणालो, माझा टॅब आणतो.

सभेच्या दिवशी हॉल भरला होता, तरी प्रथेप्रमाणे कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली. त्या अर्ध्या तासात मी टॅबला अडॅप्टर लावला, अडॅप्टरला एचडीएमआयची तार लावली, तार प्रोजेक्टरला लावली. पडद्यावर निळा रंग आला आणि त्यावर 'सिग्नल नाही' हे शब्द. तार उलटी केली, सुलटी केली, टॅब बंद करून चालू केला. निळा रंग तेवढा स्वच्छ होता.

"सर, दावा की आता!" विरोधी गटाचे पुढारी पहिल्या रांगेतून गरजले.

आमचा कट्टाही सभासदच. सीएनसीवाला मधल्या रांगेतून उठला आणि तिथूनच ओरडला, "सर, अडॅप्टर बदलून उपेग न्हाय! भोक सगळ्यांचं सारखंच, आतल्या तारा येगळ्या!"

तो बरोबर होता, हे मला त्याच क्षणी उमगलं. टाइप-सीचा आकार २०१४ साली ठरला. चोवीस पिनांचं ते तोंड सगळ्या यंत्रांना एकसारखं. पण त्यातून काय वाहायचं हे ज्यानं-त्यानं ठरवायचं. कुठं सेकंदाला ४० गिगाबिट आणि वर चित्र, तर कुठं नुसतं चार्जिंग आणि ४८० मेगाबिट, म्हणजे २००० सालच्या यूएसबी २.० चा वेग. निट्स, हर्ट्झ, कोअर यांवर रात्री घालवणाऱ्या आम्ही पोर्टबद्दल चकार शब्द काढला नव्हता. माझ्या १४४ हर्ट्झच्या टॅबला २००० सालचं भोक होतं.

पण चारशे माणसांसमोर हे मान्य कोण करणार? मी म्हणालो, "दोष प्रोजेक्टरचा आहे."

"प्रोजेक्टर चोख आहे!" काका उठले. "माहितीपत्रकात २.० लिहिलेलं असतं, वाचायचं असतं!"

"अडॅप्टर डुप्लिकेट हाय," औषधदुकानदार. टॅबवर आळ आलेला त्याला खपत नाही. "टॅबला नावं ठेवायची न्हाईत!"

"भोक कुठं पडलंय म्हनला?" मागून एक म्हातारे सभासद घाबरून उभे राहिले. "ठेवीत काय?"

'ठेवीत भोक' हे दोन शब्द हॉलभर फिरायला वेळ लागला नाही. शे-दीडशे माणसं उभी राहिली. सीएनसीवाला बाकावर चढून टाइप-सीतून चित्र धाडणारा अल्ट मोड समजावून सांगत होता, काका 'सगळं बोर्डावर डकवल्याचे परिणाम' यावर आले होते, आणि कोण कुणाच्या गटाचा हे कुणालाच कळेना. विरोधी पुढाऱ्यांनी आणलेले प्रश्नांचे कागद हातात तसेच, माईक औषधदुकानदाराकडे.

आबांनी घड्याळ पाहिलं. दुसरा माईक तोंडाजवळ घेऊन त्यांनी सूर न बदलता वाचायला सुरुवात केली. विषय क्रमांक दोन. मंजूर, पुढच्या रांगा म्हणाल्या. तीन. मंजूर. अहवाल, ताळेबंद, नफा वाटणी, थकीत कर्जाची मुदतवाढ. मंजूर, मंजूर, मंजूर. आणि लगेच राष्ट्रगीत सुरू झालं. बाकावरचा सीएनसीवाला बाकावरच ताठ उभा राहिला, मी एका हातात टॅब आणि दुसऱ्यात अडॅप्टर घेऊन सावधान. मागं पडदा अजून निळाच.

इतिवृत्तात नोंद आली ती अशी, की ताळेबंदावर सभासदांनी सखोल तांत्रिक चर्चा केली व सर्व विषय एकमताने मंजूर झाले. आबांनी माझ्या घरी पेढे पाठवले. "असा माणूस पायजे संस्थेला," असा निरोपही होता.

त्याच आठवड्यात विरोधी पुढारी रात्री कट्ट्यावर आले. त्यांनी एक पेला माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सर, खरं सांगा. त्यो टॅब मुद्दाम आणलासा न्हवं?"

दोनच उत्तरं होती. एक दिलं तर मी विकला गेलेला ठरत होतो, दुसरं दिलं तर अडाणी. शेजारी सीएनसीवाला कान टवकारून उभा होता. मी मिशीतल्या मिशीत हसलो आणि काहीच बोललो नाही.

"वाटलंच मला," ते म्हणाले. "डोकं लावलंसा." मग ओठावरचा फेस पुसून त्यांनी खिशातून पेन काढलं. "आमच्या गावच्या दूध संस्थेची सभा हाय पुढच्या आठवड्यात. तितं सत्तेत आमी हाय. मॉडेल कुठलं म्हनलासा?"